उजव्या झालरीवरचे माशाचे डोळे

११ जानेवारी

काका,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नका, घरात सगळे जिवंत आहेत. आठ वर्षांनी या घरातून पत्र आलं की माणसाच्या मनात आधी तेच येणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते.

मी भिंगरी. तुमच्या दादाची मुलगी, जिला तुम्ही गॅरेजात जुन्या टायरमध्ये बसवून ठेवायचात, म्हणजे ती रंगाच्या डब्यांपर्यंत पोचणार नाही. आता मी दातांच्या कवळ्या बनवते. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत दिवसभर प्लास्टर कालवते आणि लोकांचे दात घासते, म्हणजे तोंडात नसलेले.

बाबांना गेल्या जूनमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परत आला, काठी घेऊन चालतात. हात नाही आला. बोलणं म्हणजे ‘हं’, ‘नको’ आणि ‘हॅट्’. त्यातला ‘हॅट्’ एकदम स्वच्छ. व्यायाम घ्यायला एक बाई येतात. त्या म्हणतात, हा हात रोज वापरला तर अजून येईल, नाही वापरला तर या उन्हाळ्यापर्यंत आखडेल आणि मग कायमचाच. दाबायला रबरी चेंडू दिलाय. बाबा तो पलंगाखाली सोडून देतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, एकदा रडूनही दाखवलं. हॅट्.

परवा गॅरेजचं शटर उघडलं. आपली बेडकी, ती जुनी गाडी, होती तशीच आहे. दोन सीटची, बाटलीहिरवी, डोळे वटारलेली. माळ्यावर तुम्ही दोघांनी साच्यात काढलेल्या चार फायबरच्या झालरी सापडल्या. बाकी जग त्यांना फ्लेअर म्हणतं हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. आमच्या घरी चाकावरच्या रुंद कडेला झालरच म्हणायचे. पुढचं उजवं मडगार्ड तुम्ही कापलं होतं तिथपर्यंतच कापलेलं आहे. पण गंजलेलं नाही. कापलेल्या कडेला कुणीतरी वर्षानुवर्षं ग्रीस लावत आलंय, आणि ते मी नाही, आईही नाही.

मला हे काम पुरं करायचंय. बेडकी रुंद चाकांवर, झालरी लावून, रंगून उभी राहिलेली दिसली तर बाबा भिंतीकडची मान वळवतील असं मला वाटतं. वेडेपणा असेल, पण चेंडूपेक्षा बरा. कसं करायचं ते सांगाल का? जमलं तर याल का?

तुम्हाला लिहिल्याचं बाबांना सांगितलेलं नाही.

तुमची,
भिंगरी


२० जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद. तुझी पहिली ओळ चांगली होती, पण ती पाकिटाच्या आत होती. मी बाहेरचा पत्ता वाचूनच जिन्यावर बसलो. पुढच्या वेळी पाकिटावर लिही.

दादाला जूनमध्ये झटका येतो आणि मला जानेवारीत कळतं! वहिनीला सांग, मी भयंकर रागावलोय. नको, सांगू नकोस. तिच्या मागे काय कमी आहे?

मी येणार नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे तू वाट बघणार नाहीस. त्या दिवशी ग्राइंडर रेषा सोडून दोन बोटं वर गेला, कबूल. माझ्याच हातून गेला. पण दादा चार गिऱ्हाइकांसमोर काय म्हणाला, माहीत आहे? “हात थरथरतोय तुझा. आजपासून गाडीला हात लावायचा नाही.” तीस वर्षं त्या गॅरेजात रंग मारला मी. माझ्या रंगात बघून लोक भांग पाडायचे. ज्या तोंडाने नको म्हटलं, त्याच तोंडाने लाव म्हटलं तर येईन. तोपर्यंत पोस्टाने जेवढं शिकवता येईल तेवढं शिकवतो. फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि ऐकू आलेलं निम्मं पटत नाही.

आता नीट वाच. झालर बसवायचं माप गाडी जॅकवर चढवून घ्यायचं नाही. चाकं लोंबकळतात आणि माप खोटं बोलतं. चारही चाकं जमिनीवर, ड्रायव्हरच्या जागी माणसाइतकं वजन, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं की चाक कुठे घासतं. मग खूण कर, मग भोकं पाड. नटबोल्टनेच बसव, चिकटवून टाकू नकोस. पुढेमागे काढायची वेळ येते. कापलेला पत्रा उघडा ठेवायचा नाही, आधी प्रायमर. ते ग्रीस मात्र पुरतं पुसून काढ.

आणि एक. झालरींना अजून साच्याचं मेण असेल. आधी धू, मग घास. उलटं केलंस तर मेण आत घुसेल आणि रंग कधीही धरणार नाही. या एका चुकीपायी मी तुझ्या बापाचा पुरा आठवडा वाया घालवला होता, तो मला एक शब्द बोलला नव्हता. तेव्हा बोलला नाही आणि नंतर बोलला, असं आहे ते.

तुझा काका


९ फेब्रुवारी

काका,

नमस्कार. झालरी बसल्या! चारही!

मेण तीनदा धुतलं. पाणी थेंब थेंब न होता सपाट पसरलं, तेव्हाच घासायला घेतलं. कवळ्यांचंही असंच असतं, म्हणून मला सांगावं लागलं नाही, पण तुम्ही सांगितलंत तेव्हा बरं वाटलं. फायबरला बारीक टोचल्यासारखी भोकं होती, त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. लांबी भरायला माझ्याकडे तुमच्या पत्र्याच्या पट्टीपेक्षा सरस हत्यार आहे, दातांचं मेण कोरायची सुरी. तुम्ही बघाल तर हरखून जाल.

वजनासाठी दवाखान्यातून प्लास्टरची पंचवीस किलोची तीन पोती आणून ड्रायव्हरच्या सीटवर बसवली. बाबांचं वजन साधारण तेवढंच. घरात येऊन त्यांना म्हटलं, “बाबा, तुमच्या जागेवर प्लास्टर बसलंय.” म्हणाले, “हॅट्.” पण या वेळी मान थोडी वळली होती. की मला तसं वाटलं, कोण जाणे.

सांगायची खरी गोष्ट वेगळीच आहे. तुमचा तो दोन बोटं वर गेलेला काप झालरीच्या आत गेला. पूर्ण गेला. बाहेरून काही कळत नाही. मी आरसा लावून आतून बघितलं, तरी शोधावा लागला. एवढ्यासाठी आठ वर्षं? मी तुम्हाला विचारत नाही, मी दोघांना विचारतेय.

आणि काका, तुमचं अक्षर इतकं वळणदार कधी झालं? रंगाच्या डब्यांवर तुम्ही लिहिलेलं तुम्हालाही वाचता यायचं नाही.

भिंगरी


१८ फेब्रुवारी

भिंगरे,

म्हातारपणी माणूस सुधारतो. अक्षराची चौकशी बास.

आत गेला म्हणतेस तो काप. बरं. जाणारच होता. मी त्या दिवशीही तेच सांगत होतो, की झालर बसली की झाकलं जाईल, पण ऐकून घेणार कोण! मी एप्रन काढून खुंटीला लावला आणि निघालो. वाटलं, कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत हाक येईल. कोपऱ्यावर थोडा वेळ उभाही राहिलो. असो. हे तुला कशाला सांगतोय?

आता प्रायमर. गॅरेज आदल्या दिवशी झाड, त्याच दिवशी नको. जमीन थोडी भिजव, धूळ बसेल. कॉम्प्रेसरमधलं पाणी काढ. थिनरने पुसलेल्या जागेला बोट लावायचं नाही, स्वतःचंसुद्धा नाही. पातळ तीन हात मार, एकदम जाड नको. रंगाची गन झालरीपासून वीतभर लांब, आणि मनगट फिरवायचं नाही, अख्खा हात न्यायचा. तोंडाला मास्क लाव. मी लावला नाही, त्याचे भोग भोगतोय. दोन हातांच्या मध्ये एक दिवस वाळू दे, घाई करू नकोस. तुझा बाप घाई करायचा.

जेवतो का नीट? चिडतो का? चिडत असेल तर काळजी करू नकोस, तो चिडतोय तोवर आपलाच आहे.

काका


७ मार्च

काका,

नमस्कार नाही, काही नाही. सगळं बिघडलंय.

पहिला हात चारही झालरींवर सुरेख बसला. मी खूश. आईला ओढत आणून दाखवला. एक दिवस वाळवला आणि दुसरा हात मारला, तर पुढच्या उजव्या झालरीवर प्रायमर सरकायला लागला. बघता बघता फाटला. गोल गोल खड्डे, मध्ये खालचा थर उघडा. शंभर-दीडशे तरी असतील. जणू कुणी मासा माझ्याकडे टकमक बघतोय. बाकीच्या तिन्ही झालरी आरशासारख्या. तोच डबा, तीच गन, तोच दिवस!

घासून काढलं, थिनरने पुसलं, पुन्हा मारलं. पहिला हात नीट. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, पुन्हा डोळे. सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. आणि दरवेळी उजवीवरच, जिथे तुमचा काप आहे तिथेच. मी अंधश्रद्धाळू नाही, पण काल त्या झालरीला हात जोडले.

घरची बातमी: व्यायामाच्या बाई आज म्हणाल्या, हाताची बोटं वाटली होती तेवढी ताठ नाहीत, चेंडू दाबतायत वाटतं. मी पलंगाखाली वाकून बघितलं. चेंडूवर धुळीचा थर होता. बाबा छताकडे बघत होते.

काय चुकतंय माझं?

भिंगरी


१३ मार्च

भिंगरे,

रडू नकोस. रडली नाहीस असं लिहिलं नाहीस, म्हणजे रडली आहेस.

त्याला आम्ही रंगारी माशाचे डोळेच म्हणतो, तुला न सांगता बरोबर सुचलं. डोळे पडतात ते तेलकटपणाने. पण साधं तेल असं नाही करत. हे सिलिकॉन आहे. एक थेंब हातभर जागेला पुरतो, आणि नुसतं घासलं की मरत नाही, पसरतं. ते कुठून येतंय हे शोधायचं. हाताला कसलं क्रीम लावतेस? प्लास्टरने हात फुटतात म्हणून लावत असणार. बंद कर. कॉम्प्रेसरचा फिल्टर बदल. फडकं नवं घे, घरात धुतलेलं नको.

एवढं करूनही आलेच, तर घासायच्या आधी मला तीन गोष्टी लिही. डोळे झालरीच्या कुठल्या भागात आहेत? जमिनीपासून किती उंचीवर? आणि सरळ ओळीत आहेत की गोलात? नीट बघून लिही, अंदाजपंचे नको.

आणि त्या काप असलेल्या जागेचं मनाला लावून घेऊ नकोस. पत्र्याला राग नसतो.

काका


२१ मार्च

काका,

क्रीम बंद केलं, हातांची चाळण झाली. फिल्टर नवा, फडकी नवी. पुन्हा डोळे.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. फक्त झालरीच्या दाराकडच्या अर्ध्या भागात, माझ्या गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीत. वर एकही नाही. ओळीत नाहीत, गोलात आहेत, ताटलीएवढे गोल, एकात एक अडकलेले. अजून काय लिहू? गॅरेजात हल्ली स्वस्त अत्तरासारखा गोडसर वास येतो. आणि मी स्टूल कोपऱ्यात ठेवते ते दरवेळी त्या चाकाशी सापडतं. मीच विसरत असेन. डोकं ठिकाणावर नाही माझं.

पण आता काही उपयोग नाही. मी सोडून दिलंय. गेल्या सोमवारी शटरला कुलूप लावलं आणि स्वयंपाकघरातून गॅरेजात जायचं आतलं दारही बंद करून किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली, म्हणजे पुन्हा मोह नको. मी दात करणारी बाई आहे, मला गाडी रंगवायला कुणी सांगितलं होतं?

त्यात बाबांचं जास्तच बिनसलंय. सोमवारपासून जेवत नाहीत धड. भिंतीकडे तोंड केलं ते वळवतच नाहीत, ‘हॅट्’सुद्धा नाही. व्यायामाच्या बाई काल त्यांचा हात हातात घेऊन नुसत्या बसल्या. उन्हाळा आलाच काका. मला भीती वाटते.

तुम्ही एवढं शिकवलंत, माफ करा.

भिंगरी


२५ मार्च

भिंगरे,

आधी जा आणि कुलूप काढ. हे उभ्याने वाचत असशील तर तशीच जा. बसून वाचत असशील तर ऊठ. दोन्ही दारं उघड, मग पुढचं वाच.

उघडलंस? आता ऐक, वेडाबाई.

तो वास गाडीच्या पॉलिशचा आहे. गॅरेजात मागच्या फळीवर पिवळी बाटली असायची, अजून असेल. त्यात सिलिकॉनच असतं. दादा रोज जेवण झालं की दुपारी स्टूल घेऊन बेडकीला पॉलिश करायचा. तुझ्या आईला म्हणायचा, पाय मोकळे करून येतो. तू दवाखान्यात असतेस, वहिनी झोपलेली असते. तू प्रायमर मारून जातेस आणि दुसऱ्या दिवशी तुझा बाप येऊन त्या प्रायमरला चमकवत बसतो! प्रायमरला! चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस! पण त्याच्या डोळ्यांना बेडकी मळकी दिसली असेल, तो तरी काय करणार.

आता नीट लक्ष दे, कारण मी हे तीनदा तपासून लिहितोय. पुढची उजवी झालर. तिच्यासमोर स्टुलावर बसलं की दार कुठे येतं? डाव्या हाताला. काठीवाला माणूस टेकूशिवाय त्या स्टुलावर बसू शकत नाही, तो दाराची वरची कड धरणार, आणि धरणार तो चांगल्या हाताने. म्हणजे डावा हात दाराला. मग ते ताटलीएवढे गोल कुठल्या हाताने काढले?

मी हे इथे खोलीत माझ्या टेबलाशी बसून करून बघितलं. दुसरं काही होऊच शकत नाही.

तू कुलूप लावलंस आणि तो भिंतीकडे वळला. तुझी चूक नाही, तुला माहीत नव्हतं. आता त्याला थांबवू नकोस, हटकू नकोस, कौतुक तर मुळीच करू नकोस, कौतुक केलंस की तो सोडून देईल. पहिले दोन दिवस करू दे हवं ते. मग बाटली लपव आणि तिच्या जागी पाण्याची बादली आणि लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला घासायचा वॉटरपेपर ठेव. शिव्या देईल. मग घासेल. घासायचं काम समोर दिसलं आणि त्याने हात आवरला, असं मी कधी पाहिलेलं नाही. त्याचं घासून झालं की मेण धुतलं होतंस तसंच थिनरने चार वेळा पूस, दरवेळी नव्या फडक्याने.

काका

ता. क. हा मजकूर त्यांनी सांगितलेला नाही, त्यांना वाचूनही दाखवणार नाही. मी खालच्या मजल्यावर राहते, शाळेत शिकवायचे. ही सगळी पत्रं ते सांगतात आणि मी लिहिते, कारण त्यांना आता पेन धरवत नाही. हात फार थरथरतो. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी मला ताकीद आहे. तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून ते रोज सकाळी रंगाची गन खोलतात, पुसतात आणि पुन्हा जोडतात. एक बॅग जानेवारीपासून दाराशी भरून ठेवलेली आहे. मी विचारलं तर म्हणाले, धोब्याकडे द्यायचे कपडे आहेत.


८ एप्रिल

काका,

नमस्कार, आणि वाकून नमस्कार.

पत्र उभ्यानेच वाचत होते. कुलूप काढलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि शटरच्या फटीला डोळा लावून रस्त्यावर उभी राहिले. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

दोन वाजून दहा मिनिटांनी आतलं दार ढकललं गेलं. काठी, मग बाबा. स्टूल पायाने सरकवत चाकापाशी नेलं. त्यालाच दहा मिनिटं लागली. मग बसले. बाटलीचं झाकण दातांनी काढलं, फडकं डाव्या हाताने उचललं, उजव्या हाताच्या तळव्यात ठेवलं आणि एकेक बोट वर दुमडलं, लहान मुलाला मोजा घालतात तसं. मग डाव्या हाताने दाराची कड धरली. आणि काका, उजवा हात हलला. खांद्यातून आधी, मग कोपरातून. एक गोल झाला. फडकं पडलं. वाकून उचललं, पुन्हा बोटं दुमडली. दुसरा गोल. मी फटीला डोळा लावून हुंदके देत होते. कुल्फीवाला थांबून विचारून गेला, बाई, बरं आहे ना?

आत गेले तर आई पलंगावर डोळे मिटून पडलेली. मी म्हटलं, “आई, तुला माहीत आहे बाबा कुठे आहेत?” डोळे न उघडता म्हणाली, “हळू बोल. दोन महिने झाले. मी जागी आहे असं कळलं तर जाणार नाहीत.” दोन महिने ती रोज दुपारी झोपेचं सोंग घेऊन पडून होती आणि मला एक अक्षर बोलली नाही! म्हणाली, “तुझ्या पोटात काही राहत नाही.” मग कुलूप लावलं तेव्हा तरी सांगायचंस ना? तर म्हणाली, “रोज सांगायचं ठरवत होते. सांगितलं की तू त्यांच्यासमोर जाऊन रडणार, आणि त्यांना लाज वाटणार.” आणि तीच रडायला लागली.

तुमच्या सांगण्याप्रमाणे बाटली लपवली आणि ठोकळा ठेवला. बाबांनी फळी चाचपली. खाली बघितलं. “हॅट्!” असा ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकलं. मग वॉटरपेपर डोळ्यांपाशी नेऊन त्याचा नंबर वाचला, बादलीत बुडवला आणि घासायला लागले. पाच दिवसांत ती झालर त्यांनी एकट्याने घासून काढली. माझ्यापेक्षा सपाट. मग मी रोज एक असे प्रायमरचे तिन्ही हात मारले, परवा शेवटचा. एकही डोळा नाही. व्यायामाच्या बाई आल्या, हात बघितला, बोटांच्या फटीत अडकलेला राखाडी गाळ बघितला आणि म्हणाल्या, “चेंडू राहू दे. जे करताय ते करा.”

काल बाबांनी काठीने ड्रायव्हरच्या सीटवरची पोती दाखवली आणि मान हलवली. मी तिन्ही पोती काढली. ते बसले. बराच वेळ लागला, मी मदत केली नाही, जीभ चावून उभी राहिले. बसल्यावर त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून स्टिअरिंगवर ठेवला.

मग मी तुमची सगळी पत्रं त्यांच्या मांडीवर ठेवली. विचारलं नाही तुम्हाला, रागवा हवं तर. गाडीत बसूनच वाचली त्यांनी, सगळी, ता. क. सकट. तुम्ही कोपऱ्यावर उभे राहिलात ते वाचताना थांबले. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून उजव्या हाताची बोटं एकमेकांवर टेकवून दाखवली. मला वाटलं काही दुखतंय. दोन मिनिटांनी कळलं, पेन मागतायत.

सोबत त्यांचं पत्र आहे. सकाळी नऊला बसले होते, जेवणापर्यंत चाललं. मी वाचलेलं नाही.

भिंगरी


धाकट्या

उजव्या हाताने लिहितोय. हा चौथा कागद.

ग्राइंडर वर गेला तेव्हा मला मडगार्ड दिसलं नाही. तुझी बोटं दिसली. घाबरलो. तसं म्हणता आलं नाही, ओरडलो. कोपऱ्यापर्यंत आलो होतो. तू निघून गेला होतास.

आता माझा तुझ्याहून जास्त थरथरतो.

पोरीचा प्रायमर ठीक आहे.

गाडीला हात लाव.

दादा


१४ एप्रिल

दादा,

हे मी स्वतः लिहितोय, तेव्हा वाचायला वेळ काढ. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पेन दिलं आणि आपण होऊन बाहेर गेल्या. तुझं तेवढंसं पत्र मी दहा वेळा वाचलं. तू कोपऱ्यापर्यंत आला होतास हे मला आठ वर्षं कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण, आपण दोघंच होतो.

शनिवारी दुपारी पोचतो. बॅग भरलेली आहे. बाटलीहिरवा मी कालवीन, पोरीला शेड जमणार नाही. पहिला हात मी मारीन. माझं मनगट हललं तर तू मागून धर, तुझं हललं तर पोर दोघांना धरेल. दुसरा आणि तिसरा तिलाच मारू दे, आपण स्टुलावर बसून चुका काढू. एक स्टूल अजून लागेल.

वहिनीला म्हणावं, आता दुपारी खुशाल जागी राहा.

आणि मी येईपर्यंत ती पिवळी बाटली तिच्याजवळच राहू दे. प्रायमरला पॉलिश करणाऱ्या माणसाचा मला काही भरवसा नाही.

धाकटा